संगप्पाचा सोमवार

शर्यतीचा गाडीवान म्हणून संगप्पाचं नाव अक्कलकोटपासून मोडनिंबापर्यंत झालेलं. पण नागम्माला विचाराल तर तिच्या नवऱ्याइतका संथ माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नव्हता. तो जाऊन आता वर्ष होत आलं. पाहुणे येतात, शर्यतींच्या गोष्टी काढतात, आणि ही फिस्सकन हसते. "पळायची ती बैलं! आमचे धनी जेवायला बसले की चुलीतला इस्तू इझायचा, पण ह्यांची भाकरी सरायची न्हाय."

खरंच, छकड्यावरून उतरला की त्याच्यात मिरवण्यासारखं काही उरत नसे. गोठा स्वतः झाडायचा, बैलांनी वैरणीला तोंड लावल्याशिवाय घास घ्यायचा नाही, शेजारणीनं हाक मारली तर आडातून पाणीसुद्धा शेंदून द्यायचा. हट्ट एकच. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी लिंगायताच्या घरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. एकोणीसशे एकतीस साली जत्रेची शर्यत नेमकी सोमवारी आली. पाटलानं चांदीचं कडं लावलं, दोनदा माणूस धाडला. संगप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसला, हलला नाही. कडं गावातल्याच दुसऱ्या गाडीवानानं, धुळाप्पानं नेलं आणि वर गावभर सांगत सुटला, संगप्पा भ्याला म्हणून. नागम्माच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणंना का," संगप्पा म्हणाला. "त्याच्या तोंडाला मुसकं घालू व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात मात्र सोमवारानं त्याची खरी परीक्षा घेतली. येडू धनगराची बायको भागू बाळंतपणात अडली. सकाळी सुईणीनं हात टेकले. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं तरच वाचेल म्हणाली. येडू दारोदार फिरला. गाड्या होत्या, बैल होते, पण वार सोमवार. जत्रेत सोमवारी बैल पळवणाऱ्या धुळाप्पासकट जो तो मान खाली घालत होता. शेवटी तो संगप्पाच्या दारात येऊन मटकन बसला.

आज नवऱ्यानं नकार दिला असता तर पुन्हा त्याच्या ताटात वाढायला नागम्माचा हात उचलला नसता. संगप्पा गोठ्यात गेला, बैलांच्या पाया पडला. "बसवण्णा, पाप माझं," म्हणाला आणि गाडी जुंपली.

कडब्यावर गोधड्या अंथरल्या. भागूचं डोकं नागम्माच्या मांडीवर. येडू सारखा ओरडत होता, "पळवा की अण्णा, पळवा!"

"गप रं. शर्यतीत माझी हाडं मोडली तर चालतंय. हितं गचका बसून चालायचं न्हाय."

चाबूक घरीच होता. प्रत्येक दगड, प्रत्येक खड्डा त्यानं चुकवला. सपाट रस्ता लागला की नुसतं जिभेनं टकटक करी, आणि बैल झपाझप निघत. इतकी सुरेख गाडी त्यानं कुठल्याच मैदानात हाकली नव्हती, आणि बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं!

दुपारी दवाखान्यातून नर्सबाई बाहेर आली. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. येडू ढसाढसा रडला.

परतताना संगप्पानं बैल मोकळे सोडले आणि आपणच जुवाखाली मान घातली. "आता कुणाचा जीव अडलाय? सोमवार त्यो सोमवार."

"अवो, येड लागलं का? गाडी उद्या नेऊ की!"

"उद्या शेणखत वाहायचंय. ढकल."

नागम्मा ढकलत होती आणि शिव्यांची लाखोली वाहत होती. पोटात मात्र तिला असा अभिमान वाटत होता की काही विचारू नका.

गावात शिरले तेव्हा दिवस कलला होता. भागूची खबर आधीच पोचली होती. पारावरून धुळाप्पानं सवयीनं टोमणा हाणला, "काय संगप्पा, आज कितवा आलास?"

संगप्पानं घाम पुसला. "दुसरा. बैल पुढं गेले की."

पारावर हशा पिकला. धुळाप्पा तेवढा हसला नाही. तो उठला, पटका सोडून खांद्यावर टाकला आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला मान घालून गाडी थेट दारापर्यंत ओढत आणली.

नागम्मानं हळद-तेल कालवलं. आधी दोन्ही बैलांचे खांदे चोळले, मग नवऱ्याचे. धुळाप्पा निघायला लागला तशी म्हणाली, "थांबा की भाऊजी. आज माझ्या दारात चार बैल हायत."