कुलपातला हालेलूया

अगं शिवणबाई,

तुझ्या पत्रावर पत्ता कोणता घालायचा ही पोस्टमनची अडचण, माझी नव्हे. परवा बाजारात चर्चमधली गायनबाई भेटली. अजून ठणठणीत आहे. मान तशीच ताठ. मला म्हणते कशी, "तुमची मैत्रीण फार भाविक होती हो!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले, कपाट उघडलं, तुझं रीळ समोर ठेवलं आणि लिहायला बसले. मात्र आता पुढे मी तुला 'तू' म्हणणार नाही, 'ती' म्हणेन. 'तू' म्हटलं की तू मधे तोंड घालतेस आणि गोष्ट लांबते.

तर ती. रस्त्याकडेच्या खोलीत, खिडकीला मशीन लावून शिवणकाम करायची. कोटांची अस्तरं, पडदे, लग्नाचे झगे, शिवाय चर्चमधली सगळी पांढरी कापडं. तोंडात टाचण्या धरून भांडता येणारी बाई तिच्याशिवाय मी दुसरी पाहिली नाही. नवरा सुतार, मागच्या पडवीत त्याचं काम चाले. माणूस अबोल. बायको दिवसभर बोले, तो रंधा मारत हूं हूं करी. संसार असा अगदी दृष्ट लागण्यासारखा चालला होता.

सुताराला गाता येत नसे. प्रार्थनेच्या वेळी तो शेवटच्या बाकावर मिटल्या तोंडाने बसायचा. फक्त एका शब्दाला तोंड उघडायचा, आणि मग छप्पर हादरायचं. हालेलूया. "बाकीची गाणी तुम्ही म्हणा," तो म्हणायचा, "मला तो एकच येतो. मी मेल्यावर तेवढा म्हणा म्हणजे झालं."

'परमेश्वराची स्तुती करा' एवढाच त्याचा अर्थ. मूळ शब्द हिब्रू. लोकांनी आपापल्या भाषेत सगळं बायबल आणलं, पण या शब्दाला कुणी हात लावला नाही, होता तसाच ठेवला. आणि गंमत अशी की त्यात 'करा' आहे, 'करतो' नाही. म्हणजे एकट्याने कोपऱ्यात पुटपुटायचा हा शब्द नव्हेच. एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी उठायचं.

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात मात्र हा आनंदाचा शब्द बऱ्याच चर्चमध्ये कुणी उच्चारत नाही. आमच्या चर्चमध्ये तर तो चक्क कुलपात घालत. पांढऱ्या कापडावर सोनेरी धाग्याने भरलेला शब्द, उपासाआधीच्या रविवारी सगळ्यांदेखत घडी करून पेटीत ठेवायचा. ईस्टरच्या सकाळी पेटी उघडायची, कापड झटकून उंच धरायचं. धरणाऱ्याने पहिला हालेलूया म्हणायचा, मग सगळ्यांनी. त्याच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाही. कापड भरलं होतं शिवणबाईने, पेटी केली होती सुताराने, आणि किल्ली होती गायनमंडळाच्या प्रमुख बाईकडे. म्हणजे करणारे दोघं आणि मिरवणारी तिसरी.

या गायनबाईला शिवणबाईने नाव ठेवलं होतं 'वरची पट्टी'. ती भाजीचा भावसुद्धा वरच्या सुरात विचारायची. पण गळा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाई उभी राहून गायला लागली की रडकी पोरंसुद्धा गप्प व्हायची.

सुतार गेला तो नेमका उपासकाळात. फळ्या उतरवता उतरवता छाती धरून बसला आणि बसलाच. शिवणबाई चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. पाळक म्हातारे, सगळ्यांना बरं वाटावं असं वागणारे. म्हणाले, "माझी हरकत नाही, पण गाण्याचं त्या बघतात. त्यांना विचार."

ती गायनबाईच्या दारात उभी राहिली. काळी साडीसुद्धा अजून धड नेसली नव्हती.

"एकच शब्द, ताई. त्याची तेवढीच इच्छा होती."

"अगं, पण उपासकाळ आहे."

"माहीत आहे मला. तोच शब्द मी भरलाय."

"मग तुला तर जास्त कळायला हवं. शब्द पेटीत आहे. पेटीला कुलूप आहे. नियम म्हणजे नियम. आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या प्रत्येक जण दारात येईल."

पेटी कुणी केली हे दोघींनाही ठाऊक होतं. सुतार शेवटी बिनशब्दाचाच गेला. कबरीवर माती पडताना शिवणबाईने ओठ असे घट्ट मिटले होते, जणू तोंडात टाचण्याच आहेत.

एवढ्यावर राहिलं असतं तर तिने पोटात घातलं असतं, कारण नियम तिलाही मान्य होता. पण काही वर्षांनी गायनबाईचे वडील गेले, तेही उपासकाळातच. आणि कबरीपाशी त्या बाईने मान वर करून, डोळे मिटून, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा हालेलूया लावला. लोकांनी रुमाल काढले. पाळकसाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. परतताना शिवणबाईने तिला फाटकात गाठलं.

"ताई, कुलूप गंजलं का?"

"बापाचं दुःख तुला कळायचं नाही," ती म्हणाली. "आतून आलं गं ते. अडवताच आलं नाही."

"माझ्यातलं आतून येणारं तुम्हाला बरं अडवता आलं!"

त्या दिवसापासून शिवणबाई डूख धरून बसली. बायबल घेऊन तो शब्द शोधायला लागली. एकदा माझ्याकडे तणतणत आली. मला ती 'कॉलेजवाली' म्हणायची, जशी काही ती शिवीच.

"ए कॉलेजवाले, नव्या करारात हालेलूया एकाच ठिकाणी आहे म्हणे? शेवटी, प्रकटीकरणात?"

"हो. एकोणिसाव्या अध्यायात."

"आणि तिथे ती माजलेली नगरी जळून खाक होते, तिचा धूर वर चढत राहतो, तेव्हा म्हणतात?"

"तसंच आहे."

"म्हणजे माजलेलीचा धूर निघाला की म्हणायचा." तिने पुस्तक मिटलं. "मग ठीक आहे. मी थांबते."

त्या दिवसापासून तिने तो शब्द तोंडातून काढला नाही. ईस्टरला सगळे ओरडायचे आणि ही बाकावर गप्प, नवऱ्याच्या जागेवर. लोकांना वाटे, बिचारीला आठवण येते. आठवण कसली डोंबलाची! ती धुराची वाट बघत होती.

आता पेटीचं सांगते. कुलूप भक्कम होतं, पण सुताराने तळाची फळी खाचेत बसवलेली होती. लाकूड फुगलं की काढून तासता यावी म्हणून. मागच्या कोपऱ्यात अंगठा दाबून ढकललं की फळी सरकायची. हे ठाऊक होतं त्याला आणि त्याच्या बायकोला. मग एका उपासकाळात ती नेहमीसारखी धुण्याची कापडं न्यायला चर्चमध्ये गेली आणि गाठोड्यात तो शब्दही घरी घेऊन आली.

दुपारी, दाराला कडी घालून, ती एकेक टाका उसवायला बसली. घाई नाही. धागा तुटू द्यायचा नाही, कापडाला ओढ बसू द्यायची नाही. भरताना तिने स्तोत्रं म्हटली होती. उसवताना ती गायनबाईचं एकेक वाक्य आठवत होती. 'नियम म्हणजे नियम', आणि एक टाका सुटायचा. 'तुला कळायचं नाही', आणि दुसरा. मला पुढे म्हणाली, "इतकं सुखाचं शिवण आयुष्यात केलं नाही, आणि ते होतं उसवणं!" निघालेला धागा तिने रिकाम्या रिळावर गुंडाळला. कापडाला इस्त्री केली, जुन्याच घडीवर घडी घातली आणि फळी सरकवून परत ठेवून आली.

ईस्टरची सकाळ. चर्च भरलेलं. गायनबाई पांढऱ्याशुभ्र साडीत वेदीपुढे आली, किल्ली सगळ्यांना दिसेल अशी धरून. कुलूप उघडलं. कापड उचललं, झटकलं, डोक्यावर उंच धरलं आणि गाण्यासाठी श्वास घेतला. घेतला तो तसाच राहिला. समोर लोकांचे चेहरे बघून तिने कापड उलटं केलं. दुसऱ्या बाजूलाही काही नाही. कोरं! बाईच्या तोंडचं पाणी पळालं. एवढा मोठा गळा, पण आवाज फुटेना. आणि तिने म्हटल्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही, हा तिचाच नियम. सगळी मंडळी तोंड अर्धवट उघडून उभी.

मागच्या खिडकीतून ऊन कापडावर आलं. सुईची भोकं तेवढी उजळली. ती कुणाला वाचता आली नाहीत, भरणारीला आली.

शेवटच्या बाकावर शिवणबाई उभी राहिली आणि ओरडली, "हालेलूया!"

आवाज घोगरा, सूर चुकलेला, पण छप्पर हादरलं. अगदी त्याच्यासारखं. लोकांचा कोंडलेला श्वास सुटला आणि सगळं चर्च तिच्या मागे ओरडलं. वेदीपाशी ती बाई कापड धरून उभी. शिवणबाईने तिच्या डोळ्यांत डोळे घालून पुन्हा म्हटला. शिवणबाई माझ्या शेजारीच उभी होती. स्तुती होती की नाही देव जाणे, धूर मात्र मला दिसला.

पण वरची पट्टी ती वरचीच! पडली तरी नाक वर. आठवड्याच्या आत तिने गावभर केलं की कुलूप जसंच्या तसं, म्हणजे देवानेच शब्द उचलून घेतला, आणि तो चमत्कार तिच्या हातून झाला. लोक ते कोरं कापड बघायला यायला लागले. ती ते उलगडून दाखवायची, डोळे पुसायची.

शिवणबाईचा नुसता भडका उडाला. माझ्याकडे आली, ते रीळ माझ्या हातात कोंबलं.

"हे तिच्या तळहातावर ठेवून ये. बोलू काही नकोस. बघितलं की समजेल तिला."

"तूच दे की."

"मी गेले तर रीळ राहील बाजूला, हात तिच्या गळ्याशी जातील. तू शिकलेली आहेस, शांत राहशील."

मी गेले तर दाराला कुलूप. बाई लेकीकडे राहायला गेली होती, चांगली थंडीपर्यंत. रस्त्यात गाठ पडली की शिवणबाईचा एकच प्रश्न, "दिलंस?" मी म्हणायची, "येऊ दे तिला." मग ती चिडायची, "तू कॉलेजात काय वाट बघायलाच शिकलीस का गं?"

आणि गायनबाई परतली त्याच आठवड्यात, बाई, तू गेलीस.

बघ, पुन्हा 'तू' झालंच. असू दे, आता थोडंच उरलंय. तुझ्या कबरीपाशी मी रीळ मुठीत घेऊन उभी होते, त्या बाईच्या अगदी शेजारी. तिचा हात माझ्या हाताला लागत होता. पाळकांनी तिच्याकडे पाहिलं. उपासकाळ नव्हता. तिने डोळे मिटले आणि तुझ्यासाठी तो शब्द लावला. काय लावला, काय सांगू! सगळे तिच्या मागून म्हणू लागले. तेव्हाच तिच्या तळहातावर रीळ ठेवलं असतं तर तिचा गळा तिथेच बसला असता, आणि तूही त्याच्यासारखी बिनशब्दाची गेली असतीस. म्हणून मूठ उघडली नाही.

ती अजून ते कोरं कापड दाखवते. परवा मला म्हणाली, "या ना एकदा घरी, निवांत बसू." मी हो म्हटलंय. रीळ पिशवीत घालून ठेवलंय. अजून गेले नाही.