उटण्यात गेलेला प्रबंध

ब्लड कॅन्सरच्या पेशी म्हणजे वाया गेलेली कार्टी. मोठ्या होत नाहीत, काम शिकत नाहीत, नुसती गर्दी वाढवतात. काही नैसर्गिक पदार्थ त्यांना न मारता वळणावर आणतात. पेशी शहाणी होते आणि वाढायची थांबते. संत्र्याच्या सालीचा अर्क हे करतो का, हा माझ्या पीएचडीचा विषय. माझं वय एकतीस, लग्न नाही, कपडे अजून आई धुते.

साली एकाच बागेतल्या हव्या होत्या. काटोलच्या मामानं पोतंभर संत्री दिली. ती सोलून साली मी आमच्या घराच्या गच्चीवर वाळवल्या, डब्यात भरल्या. पहिल्या दोन प्रयोगांत पेशी इतक्या सुधारल्या की माझ्या गाईड मॅडमनी पेढे मागवले. तिसरा जमला की प्रबंध सादर.

दिवाळीच्या पहाटे आई मला उटणं चोळत होती.

"मस्त वास आहे वं आई."

"राहीन नाही तं काय! मामाच्या साली हायेत. तुह्यावाल्या."

"मंग माह्या डब्यात काय आहे?"

"माह्यावाल्या. गच्चीवरच बदलवल्या. तुले सालच पाह्यजे होती ना? काहून डोळे वटारून राहिला?"

तिच्या साली म्हणजे ठेल्यावरून आणलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाल्लेल्या संत्र्यांच्या. माझी वर्षाची मेहनत मोरीतून वाहत होती. मला खरंच रडू आलं. उटणं डोळ्यात गेलं, असं सांगितलं.

मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. पेढे तर पचले होते. "पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, "आणि साली कुलपात."

मामाकडून पुन्हा पोतं आणलं. या खेपेला आई स्वतः काठी घेऊन गच्चीवर राखणीला बसली. कावळ्यांपासून राखत होती की स्वतःपासून, मी विचारलं नाही.

निकाल आला. मामाच्या अस्सल सालींनी एकही पेशी सुधारली नाही.

घरी येऊन मी आईला निकाल सांगितला आणि तिच्यापुढे हात जोडले. "आठव वं आई, तुह्यावाल्या साली कोणत्या संत्र्यायच्या होत्या?"

"मले काय मालूम? जो आला त्यानं खाल्लं." मग तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला.

"अन् तुले तं मी मामाच्याच चोळल्या. मंग फरक कसा पडन?"