बरम्याचं कडं

हिंगणीच्या एका सुताराच्या विधवेला मी फसवलं. तिने माझं काहीही वाकडं केलं नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सायकलवर गावोगाव फिरून सुतारांची जुनी हत्यारं घ्यायचो आणि वर्ध्याच्या फर्निचरवाल्यांना विकायचो. कुणी शिकवलं नाही, हाताळून शिकलो. लाकडाला भोकं पाडायचा, हाताने फिरवायचा बरमा घेताना छातीने दाबायची लाकडी टोपी तडकलेली नाही ना ते मी बघायचो. पातं धरणारा जबडा मिटल्यावर फट राहता कामा नये. जबड्याच्या वर एक कडं असतं. ते मधोमध असलं की बरमा दोन्हीकडे पक्का फिरतो. बाजूला सरकवलं की एकाच दिशेला पकडतो, उलट फिरवला तर नुसता वाजतो. अडचणीच्या कोपऱ्यात मूठ पूर्ण फिरत नाही, तिथे ही सोय लागते.

तिच्या नवऱ्याच्या पेटीतला बरमा विलायती होता. अंगठ्याने गंज पुसला तसा खाली विलायती कंपनीचा शिक्का दिसला.

"बाकी सारं ने भाऊ," ती म्हणाली, "हा नाई. हा भाऊजीले लागते."

तिचा दीर तिथेच पडवीत चौकटीला रंधा मारत होता. माझं डोकं फिरलं. एवढ्या उन्हात आलो आणि नेमका मालच नाही म्हणते! बोलता बोलता मी कडं उलट्या बाजूला सरकवलं आणि बरमा तिच्या हातात दिला.

"हा तं कामातून गेला बाई. पाहा फिरवून."

तिने फिरवला. कट कट कट. पातं जागचं हललं नाही.

"भाऊजी!" ती कडाडली. "त्याईनं वीस वर्सं जपला, तुमी दोन महिन्यांत मोडला? मले सांगतलं काऊन नाई?"

त्याने बरमा घेतला. कड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोडला असंन, वहिनी," तो म्हणाला. "देऊन टाका."

मी तो भंगाराच्या भावात उचलला.

पुढच्या वर्षी गेलो तर पडवी रिकामी, दीर दिसेना. "बरम्यावरून भांडण झालं. हात लावंन ते मोडते," ती म्हणाली. "गेले बायकोलेकरं घेऊन वडनेरले, सासुरवाडीत." तेव्हा एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी दोन पटाशांसाठी घासाघीस केली आणि निघालो.

काही वर्षांनी तो वडनेरात भेटला. "या भाऊ, चहा घ्या," म्हणाला. शिवी नाही, टोमणा नाही. मी कप अर्धा ठेवून सायकल काढली.

माझा गुन्हा मी कबूल केला आहे, त्यात सूट मागत नाही. पण कडं जागेवर आणायला त्याला दोन बोटं पुरली असती. मी तिथेच उघडा पडलो असतो, त्याचं घर फुटलं नसतं. जाणकार असून त्याने तोंड का मिटलं? वहिनीने आपल्यावर इतक्या पटकन दोष ठेवला, याचा राग आला होता का? की मला आयुष्यभर असं जाळायचं होतं? याचा जबाब त्याने मला द्यावा, आणि तोंडावर द्यावा.