पहिल्या ओळीचा बोल्ट

मी थापाड्या माणूस. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या मराठी मंडळात माझ्या गोष्टींपायी लोकांची जेवणं थंड होतात. पण माझी सगळ्यात मोठी थाप एका आकड्याची होती.

विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर जोड तपासायचो. दोन पत्रे, बोल्टच्या चार ओळी. मॉडेलमध्ये प्रत्येक बोल्ट म्हणजे एक स्प्रिंग. ती किती ताठ, तो आकडा मी भरायचा. ताठ धरली की टोकाच्या ओळी भार ओढून मरतात आणि मधल्या सरकारी कचेरीसारख्या बसून राहतात. नरम धरली की भार सगळ्यांत वाटला जातो.

ताठपणा मोजायचे लॅबचे काका. नाशिककडचे, टिचकी मारून बोल्टची कुंडली मांडतील असे. त्यांचा आकडा घातला आणि पहिली ओळ नापास!

आमचा मॅनेजर मुसफ्फ्यातल्या कारखान्यात ओरडला तर लांब जबल अली बंदरातली जहाजं भोंगे वाजवून उत्तर देतील. "हबीबी, बोल्ट थोडा नरम कर दो ना. मंडे को रिपोर्ट जाना है. यल्ला!"

काकांना विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या रिपोर्टला घाबरून बोल्ट नरम पडतो होय रे?"

मी आकडा निम्मा केला. 'आकडा कुठून आला' या रकान्यात 'अंदाज' लिहायचं, तिथे लिहिलं 'लॅब टेस्ट'. म्हणजे माझा आकडा काकांच्या नावावर.

मग खरा जोड मशीनवर चढवला. हजारो हिसके खाल्ल्यावर पहिल्याच ओळीच्या भोकातून चीर गेली. मीटिंगमध्ये काकांनी खरा आकडा लिहिलेली आपली वही पुढे केली. मॅनेजर म्हणाला, "वही छोडो, रिपोर्ट में लॅब लिखा है. खलास." आणि माझ्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं. बायकोचा व्हिसा, मुलीची शाळा, सगळं जिभेवर येऊन बसलं. एरवी ती जीभ शेखालाही वाळू विकेल.

काकांची नोकरी गेली. एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो. उतरताना बॅग खांद्याला लावत म्हणाले, "आता तरी बरोबर आकडा घातलास ना? विमानात माणसं बसणारेत रे."

"घातला, काका." पत्रा जाड केला होता, ओळ पास झाली होती. हे मात्र खरं होतं.

मंडळात ही गोष्ट मी दणकून सांगतो. तिच्यात मी मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटतो, चहाचे कप छताला लागतात, टाळ्या पडतात. काका तिच्यात नाहीत.