झापिन आणि फाटलेले मोदक

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या मराठी मंडळातल्या पुरुषांना स्त्रियांच्या प्रगतीचं फार कौतुक. फक्त ते कौतुक करताना हातात आयता चहा लागतो.

त्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमाचा विषय ठरला 'स्त्रीची बदलती भूमिका'. ठरवला अर्थातच माझ्या नवऱ्याने, कारण अध्यक्ष तो. त्यात आम्ही चौघी झापिन नाचणार होतो. हा मलय लोकांचा नाच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मलेशियन इंजिनिअरबाईने दर शनिवारी आमच्या नाकी नऊ आणून तो बसवला होता. पूर्वी हा नाच पुरुषच करत. तिची आजी लग्नघरात रांधता रांधता दारातून बघून तो शिकली आणि जन्मभर कुणासमोर नाचली नाही. हे ऐकल्यापासून तो स्टेजवर व्हायलाच हवा, असं मी मनाशी धरून बसले होते.

पण नाचणाऱ्या चौघी त्याच मोदक वळणाऱ्या. संध्याकाळी हॉलच्या किचनमध्ये आम्ही नाचाच्या रेशमी कपड्यांवर एप्रन बांधून उकड मळत होतो आणि बाहेर नवरा बदलत्या स्त्रीवर बोलत होता. बोलत होता म्हणजे थांबायचं नावच घेत नव्हता. हॉल वेळेवर रिकामा करायचा होता, आणि इथे त्यात पाच मिनिटं इकडची तिकडे चालत नाहीत. अखेर भाषण संपवून तो आत डोकावला. नाच पुढच्या वर्षी बघू म्हणाला, आधी मोदक वाढून घ्या.

नाच बसवणाऱ्या आमच्या मलेशियन बाईला मराठी येत नाही, पण एवढं तिला कळलं. ती किचनच्या दारात उभी राहून स्टेजकडे बघत होती. तिने मला जर्मनमध्ये हळूच विचारलं, "तुमच्याकडे अजून दारातूनच बघतात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी एप्रन सोडला आणि नवऱ्याच्या गळ्यात अडकवला.

"भूमिका बदलतेय म्हणालास ना? मग हे मोदक वाफेवर ठेव. आम्ही नाचून येतो."

तो एप्रन तसाच गळ्यात घेऊन मोदकांकडे वळला.

आम्ही नाचलो. बाई सगळ्यांच्या पुढे होती. माझी पावलं चुकली, तरी थांबले नाही. आत मोदक फाटले आणि सारण पाण्यात गेलं.

आजही मंडळात त्या संध्याकाळचा विषय निघाला की लोक हळहळतात ते मोदकांसाठी. नाच कसा झाला, हे अजून एकाही पुरुषाने मला सांगितलेलं नाही.