मामीची डाळमिल

मिलमधून घरात येताना मामी उंबऱ्यावर थांबून पदर झटकायची. घर मिलच्या आवारातच, तरी पदराला चिकटलेली डाळीची भुकटीही मिलमध्येच राहिली पाहिजे, असा तिचा दंडक. "जे पडलं ते बी आपलंच हाये," म्हणायची.

मामा गेल्यावर सेनगावची ती मिल तिनं एकटीनं चालवली. पोतं फाटलं की ठिगळ, यंत्राचा पट्टा तुटला की त्याचे चपलांना तळवे. मी तिच्याकडे शिकायला आलो आणि तिथंच कामाला लागलो. माझ्यावर रागावली की ती जेवताना बोलायची नाही. तूप मात्र नेहमीपेक्षा जास्त वाढायची.

तुरीचं टरफल आणि डाळीचा बारीक चुरा, म्हणजे चुनी, तेवढी ती सोडून द्यायची. मागच्या वस्तीतल्या बायका संध्याकाळी आवार झाडायच्या आणि झाडलेलं शेळ्यांसाठी टोपल्यांत भरून न्यायच्या. त्यांतली सरूमावशी मामीच्या जिवाभावाची. मामा अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना उठवणं-बसवणं या दोघींनीच केलं होतं.

मग हिंगोलीला उद्योजकांचा मेळावा झाला. टाकाऊ असं काही नसतंच, असं तिथं एका साहेबांनी सांगितलं. मामी खुलून परत आली. "मंग मी काय येगळं सांगून राहिले इतकी वर्सं?" लगेच यंत्र आलं. टरफलाची गुरांसाठी गोळीपेंड होऊन पोती आखाडा बाळापूरपर्यंत जाऊ लागली. फाटकावर 'कचरामुक्त मिल' अशी पाटी लागली, आणि पाटीखाली राखणीला एक माणूस बसला.

त्या संध्याकाळी सरूमावशी नेहमीसारखी टोपलं घेऊन आली. मामी स्वतः फाटकापर्यंत गेली.

"सरू, आता ते टरफल न्हाई राहिलं. माल हाये."

"आन आमच्या शेळ्या?"

मामी आत वळली. मावशी रिकामं टोपलं काखेत मारून निघून गेली.

पुढं मामीनं तिच्याकडे गोळीपेंडीचं एक पोतं पाठवलं. ते तसंच परत आलं. सोबत निरोप होता, "आमी भीक न्हाई नेत व्हतो. झाडून देत व्हतो." वस्तीतल्या शेळ्या एकेक करून गोरेगावच्या बाजारात गेल्या. हिंगोलीत मामीचा सत्कार झाला. ती शाल तिनं कधी अंगावर घेतली नाही.

गेल्या वर्षी तिला लकवा झाला. जीभ जड झाली, पण "सरू" एवढं स्पष्ट यायचं. मी बोलवायला गेलो. मावशी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. "येते म्हन तिला," एवढंच बोलली. मामी दाराकडं तोंड करून पडून राहिली. मावशी आली नाही. मामी तशीच गेली.

दहाव्याला मावशी फाटकाबाहेर उभी दिसली. माझा तोल सुटला.

"आता काहून आलीस? तुझी वाट पाहत गेली ती."

"त्याच दिवशी आले व्हते, बाबा," मावशी म्हणाली. "फाटकावरच्या माणसानं इचारलं, काय न्यायला आलीस?"