रेषेच्या मांगं जंगल हाय, सर

बायांनो, दुपारपासून डोस्कं तापून राह्यलं, म्हणून ग्रुपवर लिहून राह्यली.

आमच्या शाळेत बास्केटबॉलचं ग्राउंड आखलं. नवीन सरानं टेप लावून पुरं अठ्ठावीस मीटर लांब अन् पंधरा मीटर रुंद चुना मारला. इकडं शाळेची भिंत, म्हणून तिकडची रेष थेट झुडपाले जाऊन टेकली. त्याच झुडपात मांगच्या हप्त्यात वाघानं गाय मारली.

माही पोरगी सहावीत हाय. आज तिचा खेळ पाहाले गेली, तर पोरगी बॉल घेऊन रेषेच्या बाहेर उभी, अन् पाठ जंगलाकडं! आमच्याकडं लेकरू चालाले लागलं का पह्यलं हेच शिकवतात, जंगलाकडं पाठ करायची नाई.

मी ओरडली, "सर, तिले तिथी काऊन उभं केलं?"

"बाई, बॉल बाहेर गेला का रेषेबाहेरूनच आत फेका लागते. नियम हाय."

"मंग रेष आत घ्या ना!"

"माप कमी केलं तर पोरी तालुक्याले हारतीन."

"तालुक्याले जायाले पोरी तर राहू द्या!"

सर हासले. मंग मीच काठी घेऊन झुडपाकडं तोंड करून उभी राह्यली, खेळ सरेपर्यंत.

पोरगी म्हणते, "आई, घरी जाय न वं, साऱ्याजणी हासून राह्यल्या."

हासू दे.

तुमच्या गावी लहान ग्राउंड आखून पोरी खेळतात का? खेळत असतीन तर सांगा, मी सराले दाखवीन. उद्या मले धान कापाले जायचं हाय, अन् तिथी कोणीच उभं राहणार नाई.